‘वाडीत राजकारण नको’ म्हणणाऱ्यांनो, या चुका टाळा

कोकणात शिमग्याच्या बैठकीत कुणीतरी बजावतंच, ‘हंय (इथे) राजकारण नको हां.’ पुढचा तासभर मग पालखी आधी कुठल्या वाडीत जाणार, पाखाडी (दगडी पायवाट) कुणाच्या आवाराला लागून काढायची, मुंबईला नोकरी करणाऱ्या चाकरमान्यांनी वर्गणी किती द्यायची यावर आवाज चढतात. सामाईक गोष्टीतलं कुणाला किती मिळणार आणि ते ठरवणार कोण, हेच तर राजकारण. पक्ष आणि झेंडे त्यातले नंतरचे.

राजकारण म्हणजे निवडणूक, ही सगळ्यात महागात पडणारी समजूत. अलिबागजवळच्या चरीत १९३३ साली कुळांनी खोतांची, म्हणजे सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची, शेतं कसायचं थांबवलं, आणि नारायण नागू पाटलांच्या नेतृत्वाखाली हा संप १९३९ पर्यंत टिकला. तेव्हा सरसकट सगळ्यांना मताचा हक्कही नव्हता. १९३७ मध्ये डॉ. आंबेडकरांनी मुंबईच्या विधिमंडळात खोती रद्द करण्याचं विधेयक मांडलं, तरी कायदा व्हायला १९४९ उजाडलं. शेतात, सभेत आणि विधिमंडळात मिळून घडलेलं हे राजकारण मतपेटीत शोधून कसं सापडेल?

दुसरी चूक म्हणजे चुकीचं दार ठोठावणं. नळाची पाइप फुटली की थेट आमदारांना फोन, आणि ग्रामपंचायतीत कुणी फिरकत नाही. समुद्रावर तर गोंधळ आणखी. किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांपर्यंत मासेमारीचं नियमन राज्याकडे, त्यासाठी १९८१ चा कायदा आहे, त्यापलीकडे केंद्र. त्यामुळे पर्ससीनवाल्यांविरुद्ध (मोठ्या जाळ्यांनी वेढून मासे पकडणाऱ्या बोटींविरुद्ध) तक्रार करणाऱ्या रापणकरांनी, म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढणाऱ्या पारंपरिक मच्छीमारांनी, आधी सांगायला हवं, बोट नेमकी कुठे होती. नाहीतर अर्ज या टेबलावरून त्या टेबलावर फिरत राहतो.

गावकी (गावातल्या मानकऱ्यांची पारंपरिक बैठक) आणि ग्रामपंचायत यांची सरमिसळ हे खास आपल्याकडचं दुखणं. गावकीला मान आहे, परंपरा आहे. उत्सव तिनं जरूर ठरवावा. पण कुणाला वाळीत टाकण्याचा अधिकार तिला नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राचा २०१६ चा स्वतंत्र कायदा आहे आणि त्यात ३ वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. ‘आमच्या गावचा अंतर्गत मामला’ हे उत्तर तिथे चालत नाही.

आता ग्रामसभा. वर्षाला निदान चार व्हायला हव्यात. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण तिचा सदस्य. मुंबईच्या यादीत नाव ठेवून गावाच्या व्हॉट्सअॅप गटावर रोज गर्जणारे चाकरमानी नव्हेत (मीही त्यातलाच होतो, म्हणून माहीत). गणपूर्तीला, म्हणजे सभा चालायला लागणाऱ्या किमान हजेरीला, एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १०० जण, यातली कमी असेल ती संख्या लागते. ‘माणसंच नव्हती, मग कसला ठराव’ म्हणून निर्धास्त राहू नका: गणपूर्तीअभावी तहकूब झालेली सभा पुन्हा भरली की तिला गणपूर्तीची अटच नसते. तुम्ही आंबे उतरवत असता आणि दहा जण रस्ता कुठून जाणार ते ठरवून मोकळे होतात.

नाव गावच्या यादीत आणल्यावर मी पहिल्याच सभेत हजेरीवर सही करून चहाला निघून गेलो. पुढे इतिवृत्त वाचलं तर आमच्या वाडीची विहीर कामांच्या यादीत शेवटी गेलेली, आणि हजर असलेल्यांत माझं नाव.