सांस्कृतिक विश्लेषणाचा पेपर : माध्यमकृती निवडताना या चुका टाळा

पाच पानांपैकी चार पानं नुसतं कथानक सांगण्यात गेली? मग भाषेवर हात फिरवत बसू नका, गडबड माध्यमकृतीच्या, म्हणजे ज्या जाहिरातीवर, सिनेमावर किंवा मालिकेवर लिहायचं तिच्या, निवडीतच झालीय. अख्खी मालिका विषय म्हणून घेतली की शेकडो भाग अंगावर येतात आणि कोण कोणाला काय म्हणालं यातच शब्दमर्यादा संपते. छोट्या पेपरला एक जाहिरात, एक पोस्टर किंवा मालिकेतला एकच प्रसंग पुरतो. फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ यांनी १९५७च्या ‘मिथॉलॉजीज’ या पुस्तकात एका फ्रेंच साप्ताहिकाचं एकच मुखपृष्ठ घेतलं होतं. फ्रेंच गणवेशातला कृष्णवर्णीय तरुण, नजर वर, सलाम ठोकतोय. एवढ्याशा फोटोतून साम्राज्य स्वतःला किती सोज्वळ दाखवतं, हे त्यांनी उलगडलं.

पण लहान असली तरी कृती पोकळ नको. सगळ्यात जास्त फसगत होते ती ‘चांगला संदेश’ देणाऱ्या जाहिरातीत. ‘ही जाहिरात समानतेचा पुरस्कार करते’ असं तुम्ही लिहिता. अहो, ते तिनं शेवटच्या पाटीवर स्वतःच लिहिलंय! तुम्ही काय शोधलंत? त्यापेक्षा एखादी साधी, कोणाच्या डोळ्यांत न भरणारी जाहिरात घ्या. समजा, कपडे धुण्याच्या पावडरची. आधी आवाज बंद करून बघा, मग चित्र न बघता नुसती ऐका. डाग कोणाच्या शर्टावर पडतो, तो कोण धुतं आणि पावडरचं ‘शास्त्र’ कोणाच्या आवाजात समजावलं जातं, हे टिपून ठेवा. हातांकडेही लक्ष द्या. समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांनी १९७९च्या जाहिरातींवरच्या पुस्तकात दाखवलं होतं की, जाहिरातीतल्या बायका वस्तू घट्ट धरण्यापेक्षा बोटांनी अलगद कुरवाळतात. (हे एकदा कळलं की साबणाची साधी जाहिरातही निवांत बघता येत नाही.) दहा मिनिटांत वहीत पाच नोंदीही झाल्या नाहीत, तर ती कृती सोडा.

आवडता सिनेमा घेऊ नका, असं मी म्हणणार नाही. फक्त मसुद्यात ‘अप्रतिम’, ‘काळजाला भिडणारा’ असे शब्द दिसू लागले, की विश्लेषण थांबून कौतुक सुरू झालंय हे ओळखा. आवडते आणि कुठेतरी खटकतेही, अशी कृती सगळ्यात कामाची.

‘यामुळे प्रेक्षकांच्या मनावर परिणाम होतो’ हे वाक्य तर हमखास अडचणीत आणतं. कोणत्या प्रेक्षकांच्या? संस्कृती-अभ्यासक स्टुअर्ट हॉल यांनी १९७३मध्येच मांडलं होतं की, प्रेक्षक एखादा संदेश जसाच्या तसा स्वीकारतो, काही मानतो काही नाही, किंवा थेट उलटा वाचतो. प्रेक्षकांबद्दल लिहायचंच असेल, तर जिच्यावर परीक्षणं, वाचकांची पत्रं किंवा भरपूर कमेंट सापडतात अशीच कृती निवडा. नाहीतर कृतीत काय दिसतं तेवढ्यावरच थांबा.

लिंकच्या भरवशावर राहू नका. चोवीस तासांत गायब होणारी स्टोरी परीक्षकाला दाखवणार कशी? एकाच जाहिरातीच्या लांब-आखूड आवृत्त्याही निघतात. तेव्हा पाहिल्याची तारीख आणि कालावधी लिहून ठेवा, महत्त्वाच्या फ्रेमचे स्क्रीनशॉट काढा.

आणि मुदत दोन दिवसांवर आली असेल, तर कृती बदलू नका, तीच कापा. सिनेमा घेतलाय? त्यातली तीन मिनिटं उचला. बघताना जिथे तुम्ही थांबून मागे गेला होतात, तीच.