तयार तुकड्यांचा क्विल्ट: प्रीकट कापड घेण्यापासून गोट लावेपर्यंत

क्विल्ट, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेली थरांची गोधडी, करायचं मनात आलं की पहिली अडचण सुई-दोऱ्याची नसते, रंगांची असते. वीस ताग्यांसमोर उभं राहून हा निळा त्या पिवळ्याशेजारी कसा दिसेल हे ठरवता ठरवता अर्धी हौस तिथेच फिटते. प्रीकट, म्हणजे कारखान्यातूनच ठरावीक मापात कापून आलेल्या तुकड्यांचा गठ्ठा, नेमका इथे कामी येतो. कापण्याचा वेळ वाचतो हे खरं, पण माझ्या लेखी तो दुय्यम फायदा. गठ्ठ्यातले तुकडे बहुधा एकाच मालिकेतल्या कापडांचे असतात, त्यामुळे रंग एकमेकांशी भांडत नाहीत. बदल्यात तेवढ्याच कापडाला ताग्यापेक्षा सहसा जास्त पैसे पडतात, आणि न आवडणारे चार तुकडेही पदरात येतात.

गठ्ठा कोणता घ्यायचा

चार्म पॅकमध्ये ५ इंचांचे चौकोन असतात, लेयर केकमध्ये १० इंचांचे. जेली रोल म्हणजे अडीच इंच रुंद आणि कापडाच्या पन्ह्याइतक्या, साधारण ४२ ते ४४ इंच लांब पट्ट्यांची गुंडाळी. ही बेकरीतली नावं मोडा या अमेरिकी कापड कंपनीमुळे रुळली. इतर कंपन्या त्याच मापांना वेगळी नावं देतात, म्हणून नावावर जाऊ नका, वेष्टनावरचं माप आणि नगांची संख्या वाचा. ४० नग की ४२, यावर अख्खी ओळ अडू शकते.

फॅट क्वार्टर हे जरा वेगळं प्रकरण. एक यार्ड म्हणजे ३६ इंच. त्याचा पाव भाग सरळ कापला तर ९ इंचांची लांबलचक पट्टी हाती येते, तिच्यात मोठं फूल मावत नाही. त्याऐवजी अर्धा यार्ड घेऊन तो मधोमध कापला की १८ × २२ इंचांचा ऐसपैस तुकडा मिळतो. कापड तेवढंच, उपयोग दुप्पट.

आणखी एक गंमत. १० इंचांचे ४२ चौकोन म्हणजे ४२०० चौरस इंच. अडीच इंची, ४२ इंच लांब ४० पट्ट्या म्हणजेही ४२०० चौरस इंच. दोन्ही गठ्ठ्यांत कापड सारखंच. फरक फक्त तुम्हाला मोठी नक्षी दिसायला हवी की बारीक तुकडे, एवढाच. पहिल्यांदाच करत असाल तर चार्म पॅक घ्या.

मशीनवर बसण्याआधी

तुकडे धुऊ नका. छोट्या तुकड्यांच्या दशा सुटतात, ते आटतात, वाकडे होतात. चुरगळले असतील तर इस्त्री वरून दाबा, घासू नका आणि वाफ टाळा.

आता नागमोडी कड. दशा सुटू नयेत म्हणून बऱ्याच प्रीकटच्या कडा दातेरी कापलेल्या असतात. माप दात्याच्या टोकापासून धरायचं की खाचेपासून, हे गृहीत धरू नका. मी धरलं होतं, आणि पूर्ण झालेल्या ओळी काठापेक्षा आखूड निघाल्या. प्रत्येक कडेला इंचाचा सोळावा भाग चुकला तर एका शिवणीत आठवा भाग जातो, आणि सहा चौकोनांच्या ओळीतल्या पाच शिवणींत मिळून अर्ध्या इंचाहून जास्त. पट्टी ठेवून बघा: टोकापासून टोकापर्यंत ५ इंच भरले तर शिवताना दात्यांची टोकं पाव इंचाच्या खुणेला लावा.

ती पाव इंचाची टीपही, म्हणजे कडेपासून पाव इंचावर मारलेली शिवण, तपासून घ्या. दोन चौकोन जोडा, शिवण इस्त्रीने एका बाजूला वळवा आणि मोजा. साडेनऊ इंच भरायला हवेत. कमी भरले तर सुई किंचित कडेकडे सरकवा. हा चौकोनांचा खेळ टीपेवरच उभा आहे. कंटाळा करू नका.

पहिला क्विल्ट: ४२ चौकोन

सगळे चौकोन जमिनीवर मांडा, आडवे ६ आणि उभे ७. मनासारखी मांडणी झाली की फोनवर काळा-पांढरा फोटो काढा. रंग गेले की गडद तुकडे एका कोपऱ्यात गोळा झालेत का ते लगेच कळतं. एकाच मालिकेतल्या कापडांचा दोषही इथेच दिसतो: सगळं मध्यम छटेचं, सगळं सारखंच बोलकं. त्यावर साधा, एकरंगी काठ हा उत्तम उतारा.

चौकोन सुलट बाजूवर सुलट ठेवून ओळी शिवा. पहिल्या ओळीच्या शिवणी उजवीकडे वळवा, दुसरीच्या डावीकडे, म्हणजे ओळी जोडताना सांधे एकमेकांत चपखल बसतात. सात ओळी जोडल्यावर साडेसत्तावीस × ३२ इंचांचा तुकडा तयार होईल.

काठासाठी एकरंगी कापडाच्या ४ इंच रुंद पट्ट्या कापा. आधी ३२ इंचांच्या दोन उभ्या बाजूंना जोडा, मग साडेचौतीस इंचांच्या दोन वर-खाली. पट्ट्या आधी मापाने कापा, मग जोडा; लांब पट्टी लावत जाऊन शेवटी जास्तीची कापली तर काठ लाटांसारखा फुगतो.

मधला थर, म्हणजे ऊब देणारं मऊ भरण, आणि खालचं अस्तर वरच्या भागापेक्षा प्रत्येक बाजूला ३ इंच जास्त घ्या. हे माप साडेचाळीस × ४५ इंच होतं, म्हणजे ४२ इंची पन्ह्याचं अस्तर जोड न देता पुरतं. अस्तर उलटं पसरून चिकटपट्टीने ताणून बसवा, वर मधला थर, त्यावर क्विल्ट सुलट. तळहाताएवढ्या अंतरावर सेफ्टी पिना लावा आणि मधूनच टीप मारायला सुरुवात करून कडांकडे या. शिवणींपासून पाव इंचावर सरळ रेघा पुरे आहेत. दोन टिपांत किती अंतर चालेल ते मधल्या थराच्या वेष्टनावर दिलेलं असतं.

गोटासाठी अडीच इंची चार पट्ट्या तिरक्या जोडून घ्या, लांबीत दुमडा, कच्च्या कडा क्विल्टच्या कडेला लावून शिवा, मग मागे वळवून हाताने टाके घाला. पहिली धुलाई थंड पाण्यात; तांबडा, गडद निळा असेल तर रंग शोषणारा कागद सोबत टाका.

पट्ट्या घेतल्या असतील तर

लांब पट्ट्या एकाच दिशेने शिवत गेलात तर तुकडा केळ्यासारखा वाकतो. एक शिवण वरून खाली, पुढची खालून वर, असं आलटून पालटून करा.

जेली रोल रेस नावाचा प्रकार तर एका दुपारी होतो. ४० पट्ट्या टोकाला टोक जोडून जवळपास १६०० इंचांची एकच पट्टी करा. सगळे जोड एका रांगेत येऊ नयेत म्हणून सुरुवातीचे १८ इंच कापून टाका. मग दोन्ही टोकं जुळवून लांबीत शिवा, घडी कापा, पुन्हा दुमडा, पुन्हा शिवा. पाच फेऱ्यांनंतर साधारण ५० × ६४ इंचांचा क्विल्ट हातात येतो. पहिलीच टीप ८०० इंचांची, म्हणजे वीस मीटर असते, तेव्हा तीन-चार बॉबिन आधीच भरून ठेवा.