लेणी, किल्ला आणि ४२ लेकरं: हिवाळी सहलीला निघण्याआधी

दिवाळीची सुट्टी संपून शाळा भरली की आठ दिवसांत फोन सुरू होतात, सर तुम्ही दरवर्षी नेता ना वेरूळ-अजिंठ्याला, काय काय लागतं ते जरा सांगा की. एकेकाला सांगून तोंड दुखतं, म्हणून एकदाच लिहून टाकतो. मी लातूर जिल्ह्यातला झेडपीचा मास्तर, सहावी-सातवीची लेकरं, एक लाल परी, चार शिक्षक, दोन मुक्काम, एवढ्या हिशोबाने हे लिहिलंय. घरची मंडळी घेऊन जाणार असाल तर परवानगीचे कागद सोडून द्या, बाकी सगळं तेच.

आधी बॅग नाही, कॅलेंडर काढा. अजिंठा सोमवारी बंद, वेरूळ मंगळवारी बंद. हे सगळ्यांना माहीत असतं आणि तरी दरवर्षी कुणीतरी फसतं, एका वर्षी तो कुणीतरी मीच होतो. मंगळवारी सकाळी गाडी वेरूळच्या गेटसमोर, गेटला कुलूप, आणि पहिल्या बाकावरचं एक पोरगं अगदी निरागसपणे म्हणतं, सर इथं आपल्यासारखी सुट्टी असती का? घृष्णेश्वराचं दर्शन घेतलं आणि गाडी वळवली, दुसरं काय करणार. तेव्हापासून मी बुधवारी निघतो. बुधवारी देवगिरी म्हणजे दौलताबादचा किल्ला, गुरुवारी अजिंठा, शुक्रवारी सकाळी वेरूळ करून परतीला. आपल्या लातूर-धाराशिवकडच्या लोकांनी येळवस, म्हणजे शेतात साजरी होणारी वेळ अमावस्या, कधी आहे तेही बघून ठेवा, त्या दिवशी आंबील-भज्जी सोडून एकही पालक लेकरू पाठवणार नाही आणि पाठवूही नये. २५ डिसेंबर ते १ जानेवारी हा आठवडा तर विसराच, तेव्हा लेणी दिसत नाहीत, माणसांच्या पाठी दिसतात. १९ नोव्हेंबरला जागतिक वारसा सप्ताह सुरू होतो, त्या दिवशी पुरातत्त्व खात्याच्या जागांवर प्रवेश फुकट असतो म्हणून काहीजण तो दिवस धरतात, पण १५ वर्षांखालच्या लेकरांना तसंही तिकीट नसतं, वाचणार ते फक्त मास्तरांचे, वेरूळ-अजिंठ्याला माणशी ४० आणि देवगिरीला २५. तेवढ्यासाठी गर्दीत कशाला घुसायचं.

कागदांचं म्हणाल तर गटशिक्षणाधिकाऱ्यांची परवानगी, पालकांची संमतीपत्रं, शाळेच्या लेटरहेडवर शिक्का मारलेली लेकरांची यादी, आणि या सगळ्याच्या तीन-तीन झेरॉक्स. शाळेच्या सहलीला एसटी अर्ध्या भाड्यात मिळते, पण डिसेंबरात सगळ्याच शाळांना तीच गाडी पाहिजे असते, त्यामुळे डेपोत अर्ज लवकर टाका आणि नुसता टाकून घरी येऊ नका, अधूनमधून चक्कर मारत राहा.

आता कपडे. आपल्याकडची थंडी फसवी असते. पहाटे ४ ला गाडी निघते तेव्हा कानटोपी, स्वेटर, वर शाल, आणि दुपारी १२ ला तीच लेकरं घामाघूम, स्वेटर कमरेला, कानटोपी कुठंय ते देवालाच माहीत. म्हणून एक जाड स्वेटर देण्यापेक्षा आत एक पातळ आणि वर एक साधा असं पालकांना सांगा, आणि प्रत्येक कपड्यावर आतून पेनाने नाव. माझ्या कपाटात गेल्या ३ सहलींतले ५ स्वेटर आजही पडलेत, कुणी न्यायला येत नाही. मोजे मात्र दोन जोड पाहिजेत, त्याचं कारण पुढं येतंच.

जेवणात पहिल्या दिवसाचं घरूनच, धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी. दही देऊ नका, डबा सांडला की अख्खी गाडी आंबते. गाडी लागणाऱ्या लेकरांची यादी आदल्या दिवशीच करा, त्यांना पुढच्या सीटवर खिडकीजवळ बसवा, लिंबू, आवळ्याच्या गोळ्या आणि कॅरीबॅग जवळ असू द्या. आणि ज्याला लागत नाही म्हणून आई छातीठोकपणे सांगते त्यालाही एक कॅरीबॅग द्या.

देवगिरीला दुपारी २ च्या आत चढायला लागा, थंडीत दिवस लवकर मावळतो आणि उतरताना पायऱ्या दिसल्या पाहिजेत. बॅटरी न्या, खरी बॅटरी, मोबाईलचा उजेड नाही, कारण अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, मोबाईल हातात धरून चालताना हात मोकळा राहत नाही आणि मोबाईल पडला तर वटवाघळांच्या घाणीत कोण शोधणार. आत शिरायच्या आधी दोन-दोनच्या जोड्या लावा. मध्येच एकदा सगळ्या बॅटऱ्या बंद करायच्या, दहा सेकंद. मग सांगायचं की शत्रू खंदक ओलांडून इथवर आला तरी पुढं त्याचं असं व्हायचं. यादवांचा किल्ला एवढा अवघड का होता ते धड्यातल्या चार पानांपेक्षा त्या दहा सेकंदांत जास्त कळतं, रडणारं एखादं निघतंच, त्याचा हात धरा. माकडांसाठी एकच नियम, खाऊची पिशवी हातात नको, पाठीवरच्या दप्तरात आणि चेन बंद.

दुसरी भीती माकडांपेक्षा मोठी, आग्यामोहोळ. देवगिरी असो की अजिंठा, कड्यांना पोळी लटकलेली असतात आणि माश्या उठल्याचे प्रकार झालेत. तेव्हा सेंट-अत्तर मारून यायचं नाही, दगड भिरकावायचे नाहीत, आरोळ्या ठोकायच्या नाहीत, आणि धूर तर कुणी मोठ्या माणसानेसुद्धा करायचा नाही. हे गाडीतच सांगा, खाली उतरल्यावर कुणी ऐकत नाही.

अजिंठ्याला मुक्कामाहून शंभरेक किलोमीटर, म्हणजे सकाळी ६ ला गाडी हललीच पाहिजे. आपली गाडी फर्दापूरच्या टी-पॉइंटला सोडायची आणि तिथून पुढं एसटीच्याच बसने लेण्यांपर्यंत, त्या तिकिटांचे सुटे पैसे वेगळे ठेवा. आता मोजे. चित्रांच्या लेण्यांत चप्पल-बूट बाहेर काढून जावं लागतं आणि डिसेंबरच्या सकाळी तो दगड असा गार असतो की लेकरं चित्र बघायचं सोडून एका पायावर उभी राहतात. त्याहून मोठी पंचाईत अशी की ४२ लेकरांचे ४२ जोड, सगळे शाळेचे काळे, बहुतेक ५ आणि ६ नंबर. पहिल्या वर्षी १ नंबरच्या लेण्याबाहेर आमचा अर्धा तास गेला आणि एक पोरगी दोन्ही डाव्या पायाचे बूट घालून गावाला परतली. आता प्रत्येक जोडाला रंगीत लोकर बांधतो, दहा-दहाच्या गटाला एक रंग. फ्लॅश मारायला बंदी आहे, ती पाळा, रंग दीड हजार वर्षांचे आहेत. आत गेल्यावर डोळे अंधाराला सरावेपर्यंत थांबा, घाईने १ नंबरमधल्या पद्मपाणीसमोर, म्हणजे हातात कमळ घेतलेल्या बोधिसत्त्वाच्या चित्रासमोर, नेऊन हा बघा पद्मपाणी म्हटलं तर त्यांना काळी भिंत दिसते. सगळी ३० लेणी करायच्या भानगडीत पडू नका. १, २, १६, १७, मग जुनी ९ आणि १०, शेवटी २६ मधला आडवा झोपलेला बुद्ध. एवढं पुष्कळ.

वेरूळला ३४ आहेत, तिथंही तेच. आम्ही सकाळी उघडल्या उघडल्या कैलास गाठतो, गर्दी नसते म्हणून. पण घरच्या गाडीने जाणाऱ्यांनी दुपारनंतर जावं, लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, उन्हं कलली की आतपर्यंत उजेड येतो. इथं मी प्रकल्प वही देत नाही. चाळीस प्रश्न छापून दिले की लेकरं पाटीवरची माहिती उतरवत बसतात, मान वर करतच नाहीत. त्यापेक्षा प्रत्येक जोडीला एक चिठ्ठी, त्यावर एकच गोष्ट शोधायची. कैलास हलवणारा रावण शोधा, १० नंबरच्या लेण्यात छताच्या दगडी फासळ्या मोजा. देवगिरीला असाल तर मेंढ्याच्या तोंडाची तोफ. ते १० नंबरचं सुतार लेणं, छत असं कोरलंय की लाकडाचंच वाटावं. आमच्यातल्या एका सुताराच्या पोराने मान मोडेस्तोवर वर बघितलं आणि म्हणाला, सर, दगडाला वाश्यांची काय गरज, पडतंय थोडीच. मी त्या छताखालून कितीदा गेलो असेन, मला हा प्रश्न कधी पडला नव्हता. आधी लाकडात बांधायची सवय, ती दगडात उतरली, हे मग त्याला सांगितलं, पण प्रश्न त्याचाच.

लहान वर्गांना एवढं लांब नेऊच नका. त्यांना एका दिवसात धाराशिव जिल्ह्यातलं तेर. गोरोबाकाकांचं दर्शन, त्रिविक्रमाचं विटांचं मंदिर आणि लामतुरे म्युझियम. निघण्याआधी म्युझियम उघडं आहे का ते फोन करून विचारा, सरकारी म्युझियमचा सुट्टीचा वार वेगळा असतो. आणि जाण्याआधी वर्गात नकाशा लावून जुन्या काळचं तगर म्हणजेच तेर, इथला माल गुजरातच्या भडोच बंदराला आणि पुढं रोमपर्यंत जायचा, एवढं तरी सांगाच. तेरला हस्तिदंताची एक बाई सापडली, तशीच एक तिकडं इटलीत पॉम्पेईला राखेखाली निघाली. हे माहीत असेल तर काचेतले मणी बघताना लेकरं थांबतात, नाहीतर नुसता हात लावत पुढं पळतात.

वेरूळ-अजिंठा महोत्सव, देगलूरकडचा होट्टल महोत्सव यांच्या तारखा दरवर्षी पुढं-मागं होतात, त्या बघून मोठ्यांनी जरूर जावं. लेकरांना रात्री गाण्याला बसवलं तर दुसऱ्या रागाला निम्मी आडवी होतात, मीही होतो.

परतीच्या वाटेवर संध्याकाळी हुरडा ठरवून ठेवा, शेत कुणाचं ते आधीच बोलून घ्या, ४२ तोंडं अचानक गेली तर शेतकऱ्याने तरी काय करावं. आगटीजवळून उठवताना डोकी नीट मोजा. आमची एकदा ४३ भरली. शेतमालकाचा पोरगा आधीच खिडकीची सीट धरून बसला होता.