माहितीचोरीनंतर येणारे फसवे ईमेल कसे ओळखावेत?

एखाद्या दुकानाच्या किंवा ॲपच्या ग्राहकांची माहिती चोरीला गेल्याचे कळले की बहुतेक जण तिथला पासवर्ड बदलतात आणि विषय विसरतात. फसव्या ईमेलची सुरुवात मात्र बहुधा त्यानंतर होते. समजा, कोथरूडच्या घराचा पत्ता, मोबाईलचे शेवटचे चार आकडे आणि मागच्या ऑर्डरची तारीख अचूक लिहून ‘नुकसानभरपाईसाठी खाते पडताळा’ असे सांगणारा मेल आला. तपशील बरोबर आहे, म्हणून तो खरा मानू नये; चोरीला गेला आहे तो हाच तपशील.

सर्वप्रथम पाठवणाऱ्याच्या नावावर टिचकी मारून पूर्ण पत्ता उघडावा, कारण नाव कोणालाही कोणतेही लावता येते. मग दुव्यावर बोट दाबून धरावे, म्हणजे तो न उघडता कुठे नेतो ते बहुतेक मोबाईलवर दिसते. ‘https://’ नंतरच्या पहिल्या तिरप्या रेघेपर्यंतचा भाग शेवटाकडून वाचावा, कारण संकेतस्थळ कोणाचे ते शेवटच्या शब्दांवरून कळते. रिझर्व्ह बँकेने बँकांना ३१ ऑक्टोबर २०२५ पर्यंत ‘डॉट बँक डॉट इन’ने संपणाऱ्या संकेतस्थळावर जाण्यास सांगितले होते. पण तेच शब्द मध्ये घालून शेवटी ‘डॉट व्हेरिफाय डॉट कॉम’ असेल, तर ते संकेतस्थळ बँकेचे नव्हे. एवढी पारख नको वाटत असेल, तर दुव्याला हातच लावू नये आणि ॲप स्वतः उघडून पाहावे; मला तरी हाच मार्ग सोपा वाटतो. परताव्यासाठी यूपीआय पिन मागितला, तर पुढे वाचण्याचीही गरज नाही, कारण पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही.

पासवर्ड बदलताना आधी ईमेलचा बदलावा, कारण इतर खात्यांचे पासवर्ड नव्याने ठरवण्याचे दुवे तिथेच येतात. त्याला द्विस्तरीय पडताळणी, म्हणजे पासवर्डनंतर आणखी एक खातरजमा, लावावी आणि आपले मेल परस्पर दुसऱ्या पत्त्यावर जात नाहीत ना, हे सेटिंगमध्ये तपासावे. चोरीला गेलेला पासवर्ड आणखी कुठे वापरला असेल, तर तिथेही तो बदलावा.

चुकून माहिती भरली गेलीच, तर लगेच बँकेला कळवून कार्ड किंवा खाते गोठवावे. पैसे गेले असल्यास पुण्याच्या गर्दीतून वाट काढत पोलीस ठाणे गाठण्याआधी १९३० या सायबर फसवणुकीच्या मदत क्रमांकावर फोन करावा, कारण रक्कम पुढच्या खात्यांत वळवली जाण्याआधी ती अडवता येण्याची शक्यता असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवरही तक्रार नोंदवावी, आणि तो मेल रागाच्या भरात पुसून न टाकता पुरावा म्हणून जपून ठेवावा.