प्रिझर्व्हेटिव्ह घातलं होतं, तरी स्प्रेत बुरशी आली

घरी क्रीम, लोशन, स्प्रे बनवताना पाणी आलं की प्रिझर्व्हेटिव्ह, म्हणजे नासू न देणारं रसायन, आलंच, हे तुम्हाला ठाऊक असणार. मलाही होतं. गुलाबजलाच्या स्प्रेत मी ते तोलूनमापून घातलंही होतं. तरी ऐन श्रावणात, तीन आठवडे व्हायच्या आत, जावेचा फोन: "अगं, तुझ्या त्या बाटलीत कापसासारखं काय तरंगतंय?"

बाटली आणून ट्यूबलाइटसमोर धरली. पंपाच्या नळीच्या टोकाला पांढुरका पुंजका चिकटलेला, हलवलं की त्याचे धागे सुटून वर यायचे. वास मात्र अजून गुलाबाचाच. अशा बारा बाटल्या नातेवाइकांत वाटून झाल्या होत्या. एकेकीला फोन करून "तोंडाला लावू नका, फेकून द्या" सांगताना काय वाटलं, ते मलाच माहीत.

माझं चुकलं कुठे, ते जरा लांबण लावून सांगते. मी घातलं होतं 0.5 टक्के सोडियम बेंझोएट आणि 0.3 टक्के पोटॅशियम सॉर्बेट. सॉसच्या बाटलीवर आयएनएस 211 आणि 202 असे घटकांचे क्रमांक लिहिलेले असतात ना, तेच हे दोघे. ते आंबट पाण्यातच काम करतात, कारण जंतूच्या आत शिरतं ते त्यांचं आम्ल, क्षार नव्हे. पीएच म्हणजे आंबटपणाचं माप, आकडा जितका लहान तितकं जास्त आंबट. पीएच 4.2 ला बेंझोएटचा निम्मा भाग आम्ल असतो. 5 ला साधारण 14 टक्के उरतो, आणि 6 ला जेमतेम दीड. म्हणजे 6 च्या वर ते बाटलीत असून नसल्यासारखंच.

हे सगळं मी वाचलं होतं. गुलाबजलाचा पीएचही पाहिला होता, 5 आला म्हणून खूश झाले. पण पाहिला कधी? प्रिझर्व्हेटिव्ह घालायच्या आधी! हे दोन्ही क्षार स्वतःच पीएच वर ढकलतात, आणि गुलाबजलात त्यांना रोखून धरण्याइतकं आम्ल नसतंच. उरलेल्या बाटलीत पीएच मोजायची कागदी पट्टी बुडवली तेव्हा रंग साडेसहाच्या पुढे गेला होता.

तेव्हा सगळं घालून, पूर्ण विरघळवून, मग पीएच बघा. सायट्रिक आम्लाचं पाणी थेंबथेंब घालत 4.5 ते 5 च्या मध्ये आणा. दुसऱ्या दिवशी परत बघा. अतिउत्साहात 4 च्या खाली नेलंत तर सॉर्बिक आम्लाचे खडे तळाशी बसू शकतात, आणि चेहराही चुरचुरेल. 1 ते 14 वाली पट्टी घेऊ नका, तिच्यावर 5 आणि 6 चे रंग मला आजही वेगळे ओळखता येत नाहीत. 4 ते 7 वाली घ्या. लोशन असेल तर 1 ग्रॅम लोशन 9 ग्रॅम डिस्टिल्ड वॉटरमध्ये कालवून मग मोजा.

घाबरू नका, दोन-तीन बॅचमध्ये हात बसतो.

आता थोडा राग काढते. ज्या वर्कशॉपला मी पैसे भरले, तिथल्या मॅडमनी "व्हिटॅमिन ई घाला, नॅचरल प्रिझर्व्हेटिव्ह आहे" असं छातीठोक सांगितलं होतं. व्हिटॅमिन ई तेल खवट होऊ देत नाही, बस्स. जंतूंना त्याचं काहीही वाटत नाही. लवंग तेलाचंही तेच: जंतू आवरतील इतकं घातलंत तर आधी कातडीची आग होईल. "फ्रिजमध्ये ठेवा" ही तिसरी पळवाट. वाढ मंदावते, थांबत नाही. माझं मत विचाराल तर जो शिक्षक स्वतःची नासलेली बॅच दाखवत नाही, त्याच्याकडे शिकू नये.

पीएचची कटकट नकोच असेल तर फिनॉक्सीएथेनॉल आणि एथिलहेक्सिलग्लिसरीनचं तयार मिश्रण घ्या, एकूण वजनाच्या 1 टक्क्यापर्यंत. त्याला आंबटपणा लागत नाही. बुरशीवर ते थोडं कच्चं आहे, तेवढं लक्षात असू द्या. डायझोलिडिनिल युरिया आणि आयपीबीसी (बुरशी रोखणारं एक रसायन) यांचं मिश्रणही पुष्कळजणी वापरतात, पण स्प्रेसाठी नको. तुषार श्वासातून आत जातात, आणि आयपीबीसी फुप्फुसात जाता कामा नये. युरोपात तर ते बॉडी लोशनमध्येही चालत नाही.

0.01 ग्रॅम दाखवणारा काटा घ्याच. 100 ग्रॅम लोशनमध्ये अर्धा ग्रॅम घालायचा असतो, तो स्वयंपाकघरातल्या काट्याला कळतसुद्धा नाही. आणि कोरफडीचा ताजा गर, ओट्सचं पाणी, हळद हे सुरुवातीला टाळाच. लोणच्याला ओला चमचा लागला की काय होतं ते आपण बघतोच, इथे तर आपण जंतूंना जेवायलाच वाढतो.

एक मात्र खरं, बुरशी दिसली हे माझं नशीब. स्युडोमोनास जातीचे जीवाणू वाढले तर पाणी स्वच्छ दिसू शकतं. म्हणून "माझं सहा महिने काही झालं नाही" असं कुणी म्हटलं की मी गप्प बसते. खरी परीक्षा प्रयोगशाळेत होते, मुद्दाम जंतू सोडून 28 दिवस. विकायचं मनात असेल तर ती करावीच लागेल असं धरून चाला. शिवाय कॉस्मेटिक्स रूल्स 2020 प्रमाणे उत्पादनाचा परवानाही लागतो.

जावेने परवा पुन्हा स्प्रे मागितला. नवी बॅच माझ्या कपाटावर तारीख लावून ठेवलेली आहे, रोज ट्यूबलाइटसमोर धरून बघते. तोवर तिला मेणाचा बाम दिलाय, त्यात पाण्याचा थेंब नाही.