तहसीलदारांना व्याख्यानाला बोलावताय? पत्रातल्या या चुका टाळा

वाचन प्रेरणा दिनाला, म्हणजे 15 ऑक्टोबरला, गावच्या वाचनालयात तहसीलदारांचं व्याख्यान ठेवायचं ठरतं. विषयही कामाचा निवडलेला असतो: सातबारा कसा वाचावा. पण पत्र जातं ते असं:

‘विषय : कार्यक्रमास उपस्थित राहणेबाबत. आपण आपल्या अमूल्य वेळेतून वेळ काढून कार्यक्रमाची शोभा वाढवावी, ही नम्र विनंती.’

व्याख्यानाचा यात उल्लेखच नाही. वाचणाऱ्याला वाटणार, दीपप्रज्वलन, शाल-श्रीफळ आणि दोन शब्द. असल्या कार्यक्रमाला नाही म्हणणं फार सोपं असतं. सगळ्यात महागात पडणारी चूक ती हीच. त्या खुर्चीवरच्या माणसाकडूनच ऐकायला हवं असं काहीतरी मागा, मग यायला कारण मिळतं. तेच पत्र असं लिहून बघा:

‘विषय : “सातबारा कसा वाचावा” या विषयावर दि. 15 ऑक्टोबर रोजी 30 मिनिटांचे व्याख्यान देण्याबाबत विनंती.

महोदया, आमचे बरेच सभासद शेतकरी आहेत. सातबाऱ्यातील गाव नमुना 7 च्या “इतर हक्क” रकान्यात काय लिहिले आहे, याचा अर्थ अनेकांना लागत नाही. फेरफाराच्या नोटिशीवर 15 दिवसांत हरकत घ्यायची असते, हे मुदत गेल्यावर कळते. आपण समजावून सांगितलेत, तर नोटीस हातात पडल्यावर लोक ती वाचून पाहतील. व्याख्यानानंतर 20 मिनिटे प्रश्नोत्तरे ठेवू. वैयक्तिक प्रकरणांवरचे प्रश्न घेणार नाही.’

शेवटचं वाक्य विसरू नका. वादग्रस्त फेरफार (जमिनीच्या नोंदीतले बदल), शेतरस्त्याचे दावे अशी प्रकरणं तहसीलदारांपुढेही चालतात, त्यांवर जाहीर सभेत बोलणं त्यांना शक्य नसतं. भर कार्यक्रमात कुणी उठून ‘माझ्या केसचं काय?’ विचारेल, ही धास्ती तुम्ही आधीच दूर केलेली बरी.

विषयाची ओळ नेमकी लिहिण्याला आणखी एक कारण आहे. पत्र आधी आवक शाखेत, म्हणजे आलेली पत्रं नोंदवतात तिथे, जातं आणि तिथे ती ओळ वाचूनच ते कुठल्या टेबलाकडे पाठवायचं ते ठरतं. ‘कार्यक्रमाबाबत’ एवढंच लिहिलंत, तर पत्र भलत्याच फायलीत जाऊन बसेल.

निमंत्रणातच गाऱ्हाणं

‘तसेच आमच्या पाणंद रस्त्याचा प्रश्न मार्गी लावावा’ हे वाक्य निमंत्रणाच्या पत्रात नको. एका कागदावर दोन विषय आले की त्या कागदाचा अर्ज होतो आणि निमंत्रण बाजूला राहतं. रस्त्याचा अर्ज वेगळा द्या, शक्यतो वेगळ्या दिवशी.

अडचणीत आणणारा विषय आणि मंच

महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, 1979 राज्याच्या कर्मचाऱ्यांना लागू आहेत. सरकारी धोरणावर जाहीर टीका किंवा पक्षाच्या कार्यक्रमात भाग त्यांना चालत नाही. ‘पीकविमा धोरण फसले का?’ असा विषय दिलात तर नकारच येणार. प्रक्रिया समजावून सांगण्याचा विषय द्या. मंचावर आणखी कोण आहे, तेही पत्रात स्पष्ट लिहा. स्थानिक पुढाऱ्याचं नाव लपवून ऐनवेळी पत्रिकेवर छापणं हा त्या अधिकाऱ्याचा विश्वासघात आहे. होकार येण्याआधी पत्रिका छापणंही तसंच.

तारीख

15 ऑक्टोबरचंच घ्या. 2014 साली त्याच दिवशी विधानसभेचं मतदान होतं. 2019 मध्ये मतदान 21 ऑक्टोबरला होतं. 2024 मध्ये तर 15 ऑक्टोबरलाच निवडणूक जाहीर होऊन आचारसंहिता लागली. महसूल यंत्रणा त्या दिवसांत पूर्ण निवडणुकीच्या कामात असते. म्हणून पत्रात दोन पर्यायी तारखा द्या. मार्चअखेर टाळा, अतिवृष्टीचे दिवस टाळा. पत्र किमान तीन आठवडे आधी पोचलं पाहिजे.

किरकोळ वाटणाऱ्या पण खटकणाऱ्या गोष्टीही आहेत. ‘महोदय/महोदया’ दोन्ही तसंच ठेवू नका. बदल्या होत असतात, तेव्हा सध्या पदावर कोण आहे ते विचारूनच मायना लिहा. पत्र एका पानात बसवा, संपर्कासाठी एकाच माणसाचा नंबर द्या.

उत्तरच आलं नाही तर?

पत्राच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घेतला होता ना? आठवड्याने तो क्रमांक सांगून कार्यालयात विचारा. तरी हाती काही लागलं नाही, तर अभ्यागतांच्या वेळेत दोघेजण जा, पत्राची प्रत पुढे ठेवा आणि दोन मिनिटांत विषय सांगा. सोबत दहा जणांचं शिष्टमंडळ नको.

‘मी येत नाही, नायब तहसीलदारांना पाठवते’ असं उत्तर आलं, तर आनंदाने हो म्हणा. सातबारा तेही समजावू शकतात. फक्त त्यांच्या नावाने नवं पत्र त्याच दिवशी द्या आणि लोक काय काय विचारतात, त्या प्रश्नांची यादी सोबत जोडा.