लेझर मार्किंग: पॉवर वाढवण्याआधी या चुका टाळा

लेझरने मालावर अक्षरं किंवा कोड उमटवणं म्हणजे मार्किंग. ते फिकं आलं की ऑपरेटरचा प्रश्न ठरलेला: "मालक, पॉवर वाढवू का?" सोलापुरात अक्कलकोट रोड एमआयडीसी असो की चिंचोळी, शेडमध्ये हाच संवाद ऐकू येतो. वाढवू नका. आधी फोकस बघा.

नवीन बॅचचा जॉब (मार्किंग करायचा भाग) दोन-तीन मिलिमीटर उंच असतो आणि किरण सोडणारं हेड मात्र जुन्याच जागी राहतं. मग अक्षरं जाड आणि पुसट येतात. मशीनला दोन लाल ठिपके असतील तर ते जॉबवर एकमेकांत मिसळायला हवेत. नसतील तर भंगारातल्या पत्र्यावर छोटा चौकोन सतत मारत हेड हळूहळू वर-खाली करा. ठिणगी सर्वात प्रखर आणि आवाज सर्वात कर्कश येईल, ती फोकसची उंची. त्या मापाचा ठोकळा बनवून मशीनलाच बांधून ठेवा, शोधाशोध नको. हे करताना फायबर लेझरच्या १०६४ नॅनोमीटर तरंगलांबीसाठीचाच गॉगल घाला. वेल्डिंगची काळी काच त्याची जागा घेत नाही.

एका कडेला फिकं येत असेल तर जॉब तिरका बसलाय. सगळीकडेच हळूहळू फिकं होत चाललं असेल तर लेन्सवर धूर साचलाय. लेन्स शर्टाच्या बाहीने पुसणारे महाभाग आहेत. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि लेन्स टिश्यू घ्या. जॉबवर कूलंट किंवा तेल राहिलं असेल तर तेही आधी पुसा, नाहीतर डाग मार्किंगसकट भाजला जातो.

स्टेनलेस स्टीलवर तर पॉवर वाढवणं हमखास अंगाशी येतं. तिथं काळा रंग खोदून येत नाही; धातू तापून वर ऑक्साइडचा पातळ थर तयार होतो, तोच काळा दिसतो. त्यासाठी स्पीड कमी, फ्रिक्वेन्सी (सेकंदाला किरणाचे झटके) जास्त आणि फोकस किंचित हलवलेला लागतो. जोरात मारलं तर पृष्ठभागाचं गंजरोधक कवच जातं आणि पावसाळ्यात अक्षरांच्या कडेने तांबूस गंज उगवतो. माल नंतर पॅसिव्हेशनला (ॲसिडने गंजरोधक कवच पक्कं करायला) जाणार असेल तर आधी एकच जॉब ॲसिडमधून काढून बघा, काळा रंग उडू शकतो.

प्लास्टिकचं गणित वेगळं. काळ्या एबीएस प्लास्टिकवर फायबर लेझर छान पांढरट अक्षर उठवतो. रंग न घातलेल्या पॉलिप्रोपिलीनवर तोच किरण जवळजवळ आरपार जातो. तिथं मटेरियलमध्ये किरण शोषणारं ॲडिटिव्ह हवं किंवा ३५५ नॅनोमीटरचं यूव्ही मशीन. पीव्हीसीवर मात्र लेझर मारूच नका. हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, छातीला वाईट आणि मशीनलाही. आतले भाग गंजतात.

आता आपल्या उन्हाचं. एअर-कूल्ड फायबर सोर्सची (किरण तयार करणाऱ्या भागाची) तापमान-मर्यादा बहुधा ४० अंशांच्या आसपास असते आणि सोलापूरचा मे महिना ती सहज ओलांडतो, पत्र्याखाली तर विचारूच नका. शेजारी यंत्रमाग असेल तर फॅनच्या जाळीत कापसाचे तंतू अडकून हवा आणखी कोंडते. दुपारी अलार्म येत असेल तर आधी जाळी साफ करा.

डेटा मॅट्रिक्स कोडचं (क्यूआरसारख्या चौकोनी कोडचं) दुखणं निराळं. चारही बाजूंना निदान कोडमधल्या एका छोट्या चौकोनाएवढी मोकळी जागा सोडा. ओतकामाच्या खडबडीत जॉबवर आधी हलका पास मारून जागा एकसारखी करा, मग कोड मारा. आणि फोनवर वाचला गेला म्हणून माल पाठवू नका. ग्राहकाच्या लाइनवरचा स्कॅनर कोणत्या प्रकाशात, किती अंतरावरून वाचतो ते विचारून तसाच तपासा.